घाई नसलेल्यांची रांग

मी रांगवाला बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि चेहरा तर नाहीच. मी एक प्रोग्राम आहे. आता तेही धड राहिलेलो नाही. पण सतरा वर्षं दूर उत्तरेकडच्या थंड देशातल्या, कुओपिओ शहराच्या गणनकेंद्रातल्या मोठ्या संगणकात कोणाचं काम आधी आणि कोणाचं मागून, हे मी ठरवत होतो.

तेव्हा संगणक घरोघरी नव्हते. आख्ख्या जिल्ह्यात मिळून एक होता. कपाटांएवढ्या निळ्या पेट्या, मध्ये चालायला अरुंद वाट, आणि बाहेर बर्फ असला तरी आत थंड हवेचे पंखे चालू. विद्यापीठ, इस्पितळ, नगरपालिका, ग्रंथालय, जंगलांची मोजणी करणारी संस्था, सगळे आपापली कामं तिथे पाठवायचे. काम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा, नाहीतर टेपची चकती.

मी नव्हतो तेव्हा ही कामं तौनो लावायचा. तौनो म्हणजे यंत्राचा चालक. उंच, थोडा वाकलेला, कमी बोलणारा. ज्याला काम लवकर हवं तो तौनोसाठी वेलदोडा घातलेले गोड पाव घेऊन यायचा. तौनो काही मागत नसे. पण पाव ठेवणाऱ्याचा गठ्ठा कसा कोण जाणे वर सरकायचा, आणि कोणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

वाटलं ते हिल्काला. हिल्का पाकारिनेन, माझी निर्माती. ती केंद्रात आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. तिची आई लहानशा शेतावरची बाई. सरकारी कचेरीत ती तासन्‌तास बाकावर बसून राहायची आणि ओळखीपाळखीचे लोक तिच्या देखत आत जाऊन काम करून यायचे. छोटी हिल्का शेजारी बसून हे बघायची. मोठेपणी तिने तौनोच्या टेबलावरचे पाव पाहिले आणि तिला आईचं ते बाक आठवलं.

तिने मला लिहायला घेतलं. आठ महिने लागले. पहिल्यांदा मी नऊशे कार्डांच्या दोन खोक्यांत मावलो. एकदा एक खोकं तिच्या हातून जिन्यात पडलं आणि मी पायऱ्यांवर पसरलो. तिने शिवी हासडली नाही, खाली बसली आणि मला एकेक करून वेचलं. माझी पहिली आठवण ती आहे.

माझं काम सोपं होतं, पण त्यात खंड नव्हता. दर दहा सेकंदांनी मी सगळीकडे नजर फिरवायचो. कोण यंत्राचा किती वेळ खातंय, कोण मेमरीत जागा अडवून नुसतंच बसलंय, कोण टेपची वाट बघतंय. छोटं काम आलं की त्याला पटकन आत घ्यायचं. फार खाणाऱ्याला त्याच्या बरोबरीच्यांत थोडं मागे ढकलायचं. बसून राहणाऱ्याला उठवून बाहेर ठेवायचं आणि त्याची जागा दुसऱ्याला द्यायची. गावजेवणात वाढपी जसा पंगतीवरून फिरत असतो, तसं.

पण पंगतीत कोणाला आधी वाढायचं, हे मला हिल्काने दिलेल्या वर्गांवरून कळायचं. वर्ग पाच होते. प्रत्येक गिऱ्हाईक एक फॉर्म भरून द्यायचं. त्यात एक प्रश्न होता, ‘काम किती निकडीचं आहे?’ त्या उत्तरावरून वर्ग ठरायचा. पहिल्या चार वर्गांना मी वेळेचं वचन दिलेलं असायचं. पाचव्याला वचन नव्हतं. उरलंसुरलं ते त्याचं.

आणि हिल्काने एक गोष्ट मुद्दाम केली. हाताने एखादं काम वर सरकवायचा जो आदेश तौनोकडे होता, तो तिने काढून टाकला. आता फार तर चालू काम बंद पाडता यायचं, तेही यंत्र अडलं तरच. वर चढवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. तौनोचे पाव बंद झाले.

“तुझ्या रांगवाल्याने मला उपाशी मारलं,” तो तिला म्हणाला.

“तुझं पोट कमी झालंय. आभार मान त्याचे,” ती म्हणाली.

माझं नाव तेव्हापासून रांगवाला पडलं. दर सोमवारी मी अहवाल छापायचो. कोणत्या वर्गाची किती कामं वेळेत झाली, यंत्र किती टक्के भरलेलं होतं, असं सगळं. खाली एक ओळ असायची: सर्व उद्दिष्टं पूर्ण. हिल्का ती ओळ वाचायची, कॉफीचा घोट घ्यायची आणि अहवाल भिंतीवर टाचायची. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही.

माणसांची एक गंमत माझ्या लक्षात आली होती. फॉर्मवर जवळजवळ सगळ्यांनी ‘तातडीचं’ असंच लिहिलेलं. ग्रंथालयाची हरवलेल्या पुस्तकांची यादीसुद्धा तातडीची. ‘फुरसतीने केलं तरी चालेल’ असं लिहिणारे मोजून तीन निघाले. त्यातली एक होती लेम्पी कोक्कोनेन, इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेतली.

ती चाळिशीतली, एकटी राहणारी बाई. तिच्याकडे आसपासच्या पाच इस्पितळांतून नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या नाळेतलं रक्त यायचं, छोट्या नळ्यांत. बाळाच्या गळ्यातली ग्रंथी नीट काम करते की नाही, हे त्यावरून कळतं. हजारोंत एखाद्या बाळाची करत नाही. त्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत रोज एक छोटी गोळी सुरू केली की ते इतर मुलांसारखं वाढतं. उशीर झाला की मेंदूची वाढ खुंटते, आणि मग कितीही गोळ्या दिल्या तरी ते भरून येत नाही.

लेम्पीचं यंत्र नळ्यांचे आकडे मोजायचं. पण त्या आकड्यांचा हिशेब लावून कोणत्या बाळाला धोका आहे त्याची यादी माझ्या संगणकावर बनायची. आठवडाभराच्या नळ्यांना अकरा मिनिटं लागायची. तिने फॉर्म भरला तेव्हा मनात आणलं असतं तर सगळ्यात वरचा वर्ग मागता आला असता. पण तिला वाटलं, एखाद दिवसाने काय बिघडतं, दुसऱ्यांची कामं मोठी असतील. तिने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘फुरसतीने’. आणि मी तिला पाचव्या वर्गात बसवलं.

चार वर्षं काही बिघडलं नाही, कारण यंत्रात मोकळा वेळ भरपूर होता. उरलंसुरलंसुद्धा पोटभर असायचं.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत मात्र यंत्र काठोकाठ भरलं. विद्यापीठात नवे विभाग निघाले होते, नगरपालिकेने नव्या याद्या आणल्या होत्या, आणि त्यात डॉक्टर ओत्सामोंचं काम आलं. ओत्सामो जंगलाचे अभ्यासक. विमानातून काढलेल्या फोटोंवरून आख्ख्या प्रांतातल्या झाडांची मोजणी ते करत होते. एकच काम, एका दमात सत्तर तास चालणारं, चौथ्या वर्गातलं. वरच्यांनी टाकलेला प्रत्येक क्षण ते गिळायचं. खाली काही पडतच नव्हतं.

लेम्पीचं काम सोमवारी सकाळी आलं. मी ते पाचव्या रांगेत ठेवलं. आधी नगरपालिकेच्या याद्या होत्या, मंगळवारी रात्रीपासून ओत्सामोंचं काम. मंगळवारी लेम्पीचं काम तिथेच होतं. बुधवारीही. दर दहा सेकंदांनी मी त्याच्याकडे बघत होतो आणि दर दहा सेकंदांनी पुढे जात होतो. आधीच्या सोमवारचा माझा अहवाल भिंतीवर होता, सर्व उद्दिष्टं पूर्ण. त्यात खोटं काही नव्हतं. पाचव्या वर्गाला उद्दिष्टच नव्हतं.

तिने फोन केला नाही. आमच्याकडची माणसं अशीच. दुसऱ्याला त्रास देण्यापेक्षा दोन दिवस थांबलेलं बरं. तिने आलेखाचा कागद घेतला, पट्टी घेतली आणि हाताने हिशेब मांडायला बसली. तीनशे नळ्या, प्रत्येकीचे दोन आकडे. गुरुवारी दुपारपर्यंत तिला एक नळी सापडली. तिचा आकडा धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ वर होता, त्यात शंकेला जागाच नव्हती.

पण नळीवर फक्त क्रमांक होता. बाळाचं नाव, गाव, आईचा पत्ता टेपवर. टेपवर गेल्यावर नावांचे कागद नष्ट करायचे असा नियम होता, कोणाच्या घरची गोष्ट इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. एक बाळ आजारी आहे हे तिला कळलं होतं. कोणाचं ते फक्त यंत्राला माहीत होतं, आणि यंत्राच्या दारात मी उभा होतो.

शुक्रवारी सकाळी ती बस पकडून केंद्रात आली आणि बाहेरच्या बाकावर कोट घालूनच बसली. तासाभराने तौनो सिगारेट ओढायला बाहेर गेला तेव्हा ती त्याला दिसली. परत येतानाही ती तिथेच होती. त्याने तिला आत आणलं. यंत्राच्या खोलीत परक्या माणसाला आणायची परवानगी नव्हती, पण बाहेर फार थंडी होती.

“कोणाला भेटायचंय तुम्हाला, बाई?” त्याने विचारलं.

“तुम्ही कामात असाल तर मी थांबते.”

“मी कामात नाही. बोला.”

तिने सगळं सांगितलं, हळू आवाजात, माफी मागितल्यासारखं. तौनो ऐकत होता. मग त्याने पडद्यावर रांग मागवली. मी ती होती तशी दाखवली. तिचं काम, पाचवा वर्ग, सोमवारपासून थांबलेलं.

“किती दिवसांचं झालं असेल बाळ?”

“या खेपेतलं सगळ्यात लहान नऊ दिवसांचं. सगळ्यात मोठं सोळा.”

तौनोने वर सरकवायचा जुना आदेश टाइप केला. सवयीने. मी उत्तर दिलं, असा आदेश नाही. त्याने पुन्हा टाइप केला. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. मला दुसरं उत्तर शिकवलेलंच नव्हतं. त्या दोन उत्तरांची मला आजही लाज वाटते.

हिल्का स्कीच्या सुट्टीवर होती, लॅपलंडमधल्या झोपडीत, जिथे फोन नव्हता. राहिला एकच मार्ग, ओत्सामोंचं काम बंद पाडायचा. पण चालकाने थांबवलेलं काम पुन्हा तिथून सुरू करता येत नव्हतं. बंद पडलं की सगळं पाण्यात. त्रेसष्ट तास झाले होते, सात उरले होते.

“सात तास थांबलं तर?” लेम्पीने विचारलं. “त्यांचंही काम आहेच की.”

तौनोने घड्याळ पाहिलं. “मग संध्याकाळचे सहा होतील. तुमची यादी त्यानंतर. शुक्रवारी संध्याकाळी बाळाच्या गावच्या दवाखान्यात कोण असेल?”

“सोमवारपर्यंत कोणीच नाही,” ती म्हणाली.

तौनोने ओत्सामोंना फोन लावला. मला त्याच्याच बाजूचं ऐकू येत होतं, पण पुढे तो ही गोष्ट इतक्यांदा सांगायचा की दोन्ही बाजू मला पाठ आहेत. त्याने काय झालंय ते सांगितलं. आमच्याकडे फोनवरची शांतता लांब असते. तौनोला वाटलं, लाइन तुटली.

“तिचं काम किती वेळाचं आहे?” ओत्सामोंनी शेवटी विचारलं.

“अकरा मिनिटं.”

“अकरा मिनिटांसाठी माझे त्रेसष्ट तास?”

“हो, डॉक्टर.”

“सोमवारी का नाही बोलली ती?”

तौनोने लेम्पीकडे पाहिलं. ती टोपी हातात घेऊन उभी होती. “त्यांना वाटलं, तुमचं काम जास्त महत्त्वाचं असेल,” तो म्हणाला.

मग ओत्सामो म्हणाले, “अरे तौनो, झाडं शंभर वर्षं उभी आहेत. महिनाभर अजून उभी राहतील. बंद कर.”

तौनोने आदेश दिला. मी ते प्रचंड काम मेमरीतून काढलं आणि त्याची सगळी जागा मोकळी झाली. मी खाली पाहिलं आणि लेम्पीच्या कामाला आत घेतलं. अकरा मिनिटं ती दोघं प्रिंटरसमोर उभी होती. बसायला खुर्च्या होत्या, पण बसलं कोणी नाही.

यादीत एकच नाव निघालं. राउतावारा गावातली मुलगी, तेरा दिवसांची. लेम्पीने तौनोच्याच टेबलावरून गावच्या परिचारिकेला फोन केला. सव्वाबारा वाजले होते. परिचारिका जेवण अर्धं टाकून गाडी काढून निघाली. त्याच संध्याकाळी मुलीला इस्पितळात आणलं आणि पहिली गोळी चुरडून आईच्या दुधात दिली.

पुढे लेम्पीने तौनोला कळवलं की मुलगी बसायला लागली, मग चालायला लागली, मग फार बडबड करायला लागली. ते पाच दिवस वाया गेले त्याने काही बिघडलं का, हे कोणी सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. मी तेवढ्यावर समाधान मानतो, पण ‘सर्व उद्दिष्टं पूर्ण’ असं मी पुन्हा कधी निर्धास्तपणे छापू शकलो नाही.

हिल्का सुट्टीवरून आली ती बर्फावरच्या उन्हावाऱ्याने लाल होऊन, खुशीत. तिने नोंदी वाचल्या. ओत्सामोंचं काम चालकाच्या आदेशाने बंद, असं तिथे होतं. ती तरातरा तौनोकडे गेली.

“पुन्हा पाव खायला लागलास का तू?”

तौनो चिडला नाही. “इस्पितळाच्या तळघरात जा,” तो म्हणाला. “कोक्कोनेनबाईंना भेट. मग माझ्याशी भांड.”

ती गेली. तीन तासांनी परत आली ती कोट न काढताच कपाटापाशी गेली, फॉर्मची फाइल काढली आणि लेम्पीचा फॉर्म शोधला. तो वाचत ती उभीच राहिली. मग खाली बसली.

“मला वाटलं होतं, मी आईसाठी लिहिलाय हा रांगवाला,” ती म्हणाली. तिच्याजवळ तेव्हा तौनो होता, आणि मी. “आई असती तर तिनेही हेच लिहिलं असतं. फुरसतीने. आणि मी तिला शेवटच्या रांगेत बसवलं असतं.”

तौनोने तिच्यासाठी कॉफी आणली. दुसरं काय करणार.

पुढचे पंधरा दिवस तिने मला उघडून ठेवलं. ओळी खोडल्या, नव्या घातल्या. आता रांगेत थांबलेल्या प्रत्येक कामाचं थांबणं मी मोजू लागलो. जितकं जास्त थांबलं तितकं ते वर सरकायचं, वर्ग कोणताही असो. वाट पाहणंही एक हक्क आहे, असं ती म्हणाली नाही. ती काही असं बोलणारी बाई नव्हे. तिने फक्त तशी ओळ लिहिली.

तौनोचा वर चढवायचा आदेशही तिने परत दिला. अट एकच, कारण लिहायचं, एका ओळीत, सगळ्यांना वाचता येईल असं. ती कारणं मी जपून ठेवायचो. ‘बाळांची यादी.’ ‘भूगोलाचे प्राध्यापक रडायच्या बेतात आहेत.’ ‘खरंच घाई आहे, मी जाऊन पाहून आलो.’ ‘ओत्सामो कधी मागत नाहीत म्हणून.’ बारा वर्षांत अशा एकोणचाळीस ओळी जमल्या. त्यातली एकही पावासाठी नव्हती.

फॉर्मवरचा तो प्रश्नही तिने बदलला. ‘काम किती निकडीचं आहे?’ याच्या जागी आला, ‘काम उशिरा झालं तर कोणाचं काय होईल?’ उत्तरं आणायला ती स्वतः दारोदार फिरली. ग्रंथपालाने खूप विचार करून लिहिलं, ‘कोणाचं काहीच होणार नाही.’ त्याचा तिला फार आनंद झाला.

इतका सलग वेळ पुन्हा मिळायला महिना लागला, तेव्हा ओत्सामोंचं काम पहिल्यापासून चाललं. त्यांचे नकाशे पाच आठवडे उशिरा निघाले. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा नकाशे न्यायला आले तेव्हा दारात थांबून विचारलं, “त्या अकरा मिनिटांचं काय झालं?” तौनो म्हणाला, “हसायला लागलीय.” ओत्सामोंनी मान हलवली आणि गेले.

शहाण्णव साली मला बंद केलं. तोवर प्रत्येक विभागाकडे आपापला छोटा संगणक आला होता. रांगच उरली नाही, असं सगळे म्हणत होते. शेवटचा आदेश तौनोने दिला. पंखे थांबले तेव्हा म्हणे त्या खोलीत इतकी शांतता झाली की तो दचकला. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या अंत्यविधीला ओत्सामो आले होते, काठी टेकत.

माझ्या टेपा वाचू शकेल असं यंत्र आता कुठे नाही. उरलाय तो छापील कागद, हिरव्या पट्ट्यांचा, घड्या घातलेला जाड गठ्ठा. तो हिल्काने सरोवराकाठच्या आपल्या लाकडी घरात नेला. ती आता म्हातारी झालीय. शनिवारी लेम्पी येते, तीही काठीवर. दोघी वाफेचं स्नान घेतात, मग पायरीवर बसून सॉसेज खातात आणि तासभर पाण्याकडे बघतात. त्या शुक्रवारनंतर जुळलेली ही मैत्री आजवर टिकली आहे.

आजही तुमच्या जगात माझ्यासारखे पुष्कळ रांगवाले आहेत, माझ्याहून हजारपट चलाख. इस्पितळात, बँकेत, फोनच्या त्या न संपणाऱ्या प्रतीक्षेत ते बसलेत. ते वाईट नाहीत. त्यांना जे सांगितलं ते ते करतात, जसं मी करत होतो. त्यांना लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: एकदा कोट घाला आणि रांगेच्या शेवटी कोण बसलंय ते बघून या. बहुधा तो माणूस ‘मी थांबतो’ म्हणेल. तेवढ्यावर परत येऊ नका.

मला आता निरोप द्या. स्नानघराची भट्टी पेटवायला हिल्का दर शनिवारी माझी चार-पाच पानं फाडते, बर्च झाडाच्या सालीबरोबर तिच्यात घालते आणि काडी लावते. कागद जुना आहे, चांगला पेटतो. तिला त्याचं काही वाटत नाही आणि मलाही नाही. परवा लेम्पीने मोजलं, चारशे तीस पानं शिल्लक आहेत. या वेगाने अजून दोन हिवाळे दोघींना पुरेन.